शेपटीकडे बघा

कांगारू उड्या मारतो हे बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं. तो उड्या मारत नसतो तेव्हा काय करतो, हे मात्र मोठ्यांनाही चटकन सांगता येत नाही. खरं तर जागेपणीचा पुष्कळसा वेळ तो मान खाली घालून चरत असतो आणि चरता चरता पुढे सरकत असतो. हे सरकणं त्याच्या उडीपेक्षाही चमत्कारिक आहे. आधी तो पुढे वाकून दोन आखूड हात जमिनीवर टेकतो. मग जाडजूड शेपटी मागून खाली दाबतो. अंगाचा सगळा भार हात आणि शेपटी यांच्यावर येतो, मागचे दोन्ही लांबलचक पाय एकदम उचलले जातात आणि हातांच्या बाहेरून पुढे येऊन टेकतात. पुन्हा हात, पुन्हा शेपटी, पुन्हा पाय. बघणाऱ्याला वाटतं की जनावर लंगडतंय, नाहीतर म्हातारं झालंय. तसं काही नसतं. जमिनीवर कांगारूला मागचे पाय एकामागून एक टाकता येत नाहीत, टाकायचे तर दोन्ही एकदम. आणि दोन्ही एकदम उचलायचे तर तेवढा वेळ मागची बाजू कुणीतरी पेलायला हवी. ते काम शेपटी करते.

नुसती पेलत नाही, ढकलतेसुद्धा. कॅनडा, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तांबड्या कांगारूंना जोर मोजणाऱ्या पट्ट्यांवरून सावकाश चालवून पाहिलं आणि २०१४ साली निष्कर्ष छापले. पुढे जाण्यासाठी लागणारा रेटा शेपटी एकटी जेवढा देते, तेवढा पुढचे आणि मागचे पाय मिळून देतात. शरीराच्या वजनाच्या हिशेबात तिचं काम त्याच वेगानं चालणाऱ्या माणसाच्या पायाच्या कामाइतकं भरलं. म्हणजे ही शेपटी टेकू नव्हे, टेकूच्या जागी बसवलेला पाचवा पाय आहे. गंमत अशी की कांगारू शतकानुशतकं माणसाच्या डोळ्यांसमोर चरत होते आणि ही गोष्ट पट्ट्या लावून मोजायला २०१४ उजाडलं. सगळ्यांचं लक्ष उडीकडे होतं.

हे पुस्तक शेपटीविषयी आहे. ऑस्ट्रेलियातल्या नव्हे, मानपाड्यातल्या. तरी सुरुवात कांगारूनं केली आहे, कारण शेपटी हा शरीराचा कामकरी अवयव आहे हे त्याच्याइतकं ढळढळीतपणे दुसरं कोणी दाखवत नाही. एकदा ते पटलं की आपल्या कुंपणावरच्या वानराकडे, ट्यूबलाइटमागच्या पालीकडे आणि खाडीच्या चिखलातल्या निवटीकडे बघण्याची नजर बदलते.

पण कांगारूला अजून सोडत नाही. उडी हा विषय इतका गुळगुळीत झाला आहे की त्यातलं खरं आश्चर्यच झिजून गेलंय. १९७३ साली टेरेन्स डॉसन आणि रिचर्ड टेलर या दोघांनी कांगारूंना फिरत्या पट्ट्यावर पळवलं आणि ते किती प्राणवायू वापरतात ते मोजलं. कुत्रा, घोडा, माणूस, कोणीही घ्या, वेग वाढला की इंधन जास्त जळतं. कांगारूचंही सुरुवातीला तसंच झालं. पाच पायांची ती सावकाश चाल भलतीच महाग पडते, वेग जरा वाढवला की खर्च सरळ वर जातो. पण त्याने उड्या मारायला सुरुवात केली आणि खर्चाची रेघ आडवी झाली. ताशी आठ-दहा किलोमीटरनं जा नाहीतर वीसनं, प्राणवायू जवळपास तितकाच. याचं उत्तर टाचेच्या कंडरेत आहे. स्नायूला हाडाशी बांधणारी ही जाड दोरी जमिनीवर उतरताना रबरासारखी ताणली जाते आणि पुन्हा आखडताना साठवलेला जोर परत देते. दर उडीला नवा खर्च करावा लागतो तो थोडाच. वेग वाढवायचा तर कांगारू उड्यांची संख्या फारशी वाढवत नाही, उडी लांबवतो. श्वासही उडीला बांधलेला असतो, एका उडीला एक श्वास. पोटातलं जड सामान प्रत्येक उडीत पुढे-मागे सरकतं आणि त्याचा फुप्फुसांना आयताच हातभार लागतो.

आणि या सगळ्यात शेपटी हवेत काय करते? मागचे पाय झटक्यानं मागे जातात तेव्हा धड कलंडायला बघतं. नेमकी तेव्हाच शेपटी उलट्या दिशेनं हलते आणि तो झोक मारून टाकते. चित्रपटातला कांगारू थोडा हळू करून पाहिलात तर शेपटीची ही वरखाली लय स्पष्ट दिसते. दोन नर भांडतात तेव्हा तर पूर्ण शरीर शेपटीवर उभं राहतं आणि दोन्ही पायांची लाथ एकदम बसते. पाण्यात मात्र हाच प्राणी मागचे पाय आळीपाळीनं मारत पोहतो. जमिनीवर न जमणारी गोष्ट पाण्यात जमते, हे मला अजूनही थोडं अन्यायाचं वाटतं.

हातांचाही हिशेब आहे. उन्हाळ्यात कांगारू हात चाटत बसतो. हातांच्या कातडीखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, लाळ वाळली की रक्त थंड होतं. २०१५ साली रशियन संशोधकांनी दाखवलं की तांबडे आणि करडे कांगारू अंग खाजवायला आणि पाला धरायला बहुतेक वेळा डावा हात वापरतात. आणि हातांची पहिली परीक्षा जन्मल्या जन्मल्याच होते. सुमारे तेहतीस दिवसांच्या गर्भारपणानंतर एक ग्रॅमही न भरणारा, आंधळा, बोटाच्या पेराएवढा जीव बाहेर येतो. मागचे पाय तेव्हा नुसते कोंब असतात. पुढच्या हातांनी आईची लव धरून तो पिशवीपर्यंत चढतो. पुढे ज्या पायांनी जगभर नाव कमवायचं, ते या प्रवासात काडीच्याही उपयोगाचे नसतात.

भारतात कांगारू मोकळ्यावर दिसला तो भलत्याच कारणानं. एप्रिल २०२२ मध्ये पश्चिम बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यात रस्त्याकडेला भेदरलेले, खंगलेले कांगारू सापडले. चोरट्या प्राणीव्यापारातून आलेले, पकडले जाण्याच्या भीतीनं टाकून दिलेले. याउलट मेलबर्नला लेकाकडे जाऊन आलेले ठाणेकर अँगलसीच्या गोल्फ मैदानावर हिरवळीत लोळणाऱ्या करड्या कांगारूंचे व्हिडिओ हौसेनं दाखवतात. त्या व्हिडिओत उड्या क्वचितच असतात. बहुतेक वेळ ते प्राणी चरत, सरकत असतात आणि चित्रण करणाऱ्याचा आवाज मागून येत असतो, "अरे, उडी मारतच नाहीये!" त्याला सांगायला हवं होतं की शेपटीकडे बघ, तू तिकीट काढून ज्यासाठी गेलास त्यापेक्षा मोठी गोष्ट समोर चालली आहे.

आता मानपाडा. आपल्याकडे मानपाडे दोन. एक ठाण्याचा, घोडबंदर रोडवरचा. दुसरा डोंबिवली पूर्वेचा, कल्याण-शीळ रस्त्याच्या अंगाचा. नवख्या माणसाने रिक्षात बसून नुसतं "मानपाडा" म्हटलं तर रिक्षावाला त्याला बरोबर नेतो, पण नकाशातलं बोट मात्र हमखास चुकीच्या मानपाड्यावर पडतं. या पुस्तकात दोन्ही आहेत. जास्त पानं ठाण्याच्या वाट्याला गेली, त्याला कारण भूगोल. तिथे एका बाजूला येऊरचा डोंगर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं पूर्वेकडचं अंग, आणि दुसऱ्या बाजूला कोलशेत-बाळकूमची खाडी. मध्ये काही किलोमीटरांची पट्टी, तीत टॉवर, मेट्रोचे खांब आणि सकाळी साडेआठची वाहतूक कोंडी. झाडावर उड्या मारणारा प्राणी आणि चिखलात उड्या मारणारा मासा एका सकाळीत बघता येईल अशा जागा शहरात फार नाहीत. वन विभागाचं मानपाड्याचं फाटक ओलांडलं की रस्त्याचा आवाज मागे पडतो. आता त्याच डोंगराच्या पोटातून बोरिवलीला जाणारा ११.८ किलोमीटरचा जुळा बोगदा होतो आहे, त्याचं ठाण्याकडचं तोंड टिकुजिनीवाडीजवळ. माणसांच्या हालचालीचा तो प्रश्न आहे, या पुस्तकाचा नाही. पण डोंगराकडे बघताना तो डोळ्यांआड करता येत नाही, म्हणून इथे एक ओळ.

वानराचं प्रकरण या पुस्तकात सगळ्यांत मोठं आहे आणि ते तसंच हवं. काळ्या तोंडाचं, करड्या अंगाचं हे आपलं वानर पानं खाणारं. पानं पचवायला त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं आणि त्यात जंतूंच्या मदतीनं चारा आंबतो. कांगारूचं पोटही याच जातीचं काम करतं. दोघांत नातं काही नाही, पण दोघांनाही निकृष्ट चारा भरलेलं जड पोट घेऊन उड्या मारायच्या असतात. तोल हा दोघांचाही रोजचा प्रश्न. कांगारूने तो जाड, दणकट, जमिनीला टेकणाऱ्या शेपटीनं सोडवला. वानराने लांब, बारीक, कशालाच न टेकणाऱ्या शेपटीनं.

वानराची शेपटी त्याच्या धडापेक्षाही लांब असते. ती कशाला गुंडाळत नाही, कशाला धरत नाही. शेपटीनं फांदीला लटकणारं माकड आपण कार्टूनमध्ये बघतो ते दक्षिण अमेरिकेतलं. आपल्याकडचं एकही माकड असं लटकत नाही, तरी शाळांच्या भिंतींवर ती चित्रं बिनदिक्कत रंगवलेली असतात. वानराची शेपटी लटकायची नसून तोलायची आहे. येऊरच्या पायथ्याशी सकाळच्या वेळी टोळी एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना उभं राहून पाहावं. पुढचा हुप्प्या फांदीच्या टोकाकडे येतो, थांबतो, फांदी त्याच्या वजनाने दबते. तो मागचे पाय खाली घेतो. उडी सुटते ती मागच्या पायांतून, हात फक्त पुढच्या फांदीचा वेध घेतात. हवेत असताना शेपटी मागे सरळ ताठ होत नाही, कमान करून वर जाते, आणि उतरण्याच्या आधी खाली झटकली जाते. पोचल्यावर फांदी हेलकावे खाते तेव्हा शेपटी एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या हेलकाव्याला सगळं शांत. आडवी उडी साडेचार मीटरपर्यंत जाते. उतरत्या उडीत वानर याच्या दुपटीहून जास्त अंतर काटतं. मागून येणाऱ्या माद्यांच्या पोटाला पिल्लं चिकटलेली असतात. त्यांच्या उड्या आखूड, वाट निराळी. टोळीतल्या प्रत्येकाचं वजन वेगळं, म्हणून प्रत्येकाचा रस्ता वेगळा. एकाच झाडावरून दहा वानरं गेली तर दहा ठिकाणांहून सुटतात.

जमिनीवर चालताना शेपटी कशी धरतात, हा त्याहून सुंदर विषय. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक राहिलेले एम. एल. रूनवाल यांनी देशभरातल्या वानरांच्या शेपटीच्या ठेवणीचा अभ्यास केला. ढोबळमानाने असं दिसलं की तापी-गोदावरीच्या उत्तरेला वानराची शेपटी चालताना पाठीवरून पुढे, डोक्याकडे वळते, आणि दक्षिणेला ती मागच्या बाजूला वळते. आपला ठाणे जिल्हा या रेषेच्या जवळच येतो. तेव्हा मानपाड्यातली वानरं कोणत्या बाजूची, हे वाचकाने स्वतः कुंपणाच्या भिंतीवर बघून ठरवावं. मी उत्तर मुद्दाम इथे दिलेलं नाही, प्रकरणात आहे. जाता जाता एक गोष्ट. गावोगावच्या मारुतीच्या शेंदरी मूर्तीत शेपटी बहुधा डोक्यावर कमान करून दाखवलेली असते. ती मूर्तिकाराची कल्पना की डोळ्यांनी पाहिलेली ठेवण, हे मला सांगता येणार नाही. पण मूर्ती बघताना पुढच्या वेळी तिकडे लक्ष जाईल एवढं नक्की.

डोंबिवलीच्या मानपाड्यात जंगल नाही. तिथे पाल आहे. जी गोष्ट बघायला लोक बोरिवलीच्या फाटकावर रांग लावतात, त्याच तोडीची एक गोष्ट स्वयंपाकघराच्या छतावर फुकट चाललेली असते. अमेरिकेत बर्कले विद्यापीठात रॉबर्ट फुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली पालींवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पाल गुळगुळीत भिंतीवर चढताना पुढचा पाय निसटला की शेपटीचं टोक भिंतीवर दाबलं जातं आणि धड मागे कलंडत नाही. तोल अगदीच गेला तर पाल शेपटीवर रेलून पाय पुन्हा चिकटवते. आणि छतावरून उलटी पडली तर शेपटीचा एकच फिरका देऊन सेकंदाच्या दहाव्या भागात सुलटी होते आणि चारही पाय खाली करून पडते. शेपटी नसलेल्या पालींना हे धड जमलं नाही. हे वाचल्यावर तुटलेल्या शेपटीची पाल दिसली की वाईट वाटतं. मांजराच्या तोंडी शेपटी देऊन ती जीव वाचवते, पण पुढचे काही आठवडे भिंतीवरचा प्रत्येक निसटता पाय तिला महागात पडणार असतो. उगवून येणारी नवी शेपटी थोडी आखूड, थोडी जाडी, ओळखू येते.

खाडीकडे वळू. निवटी हा शब्द आगरी-कोळी घरांत जेवणाच्या ताटात येतो, बाकीच्या ठाणेकरांना तो सांगावा लागतो. भरती ओसरली की तिवरांच्या मुळांशी चिखलात बोटभर ते वीतभर लांबीचे मासे पाण्याबाहेर आलेले दिसतात. डोळे डोक्याच्या वर, बाहेर आलेले, आणि ते एकेक करून खोबणीत आत ओढून ओले करून घेण्याची सवय. कातडी ओली ठेवली की तिच्यातूनही श्वास चालतो. चालण्याची तऱ्हा पाहा. छातीचे दोन्ही पर एकदम पुढे टाकायचे, त्यांच्यावर भार देऊन धड ओढून घ्यायचं, पुन्हा पर पुढे. दोन्ही एकदम, हे लक्षात ठेवावं. कांगारूचे मागचे पाय असेच एकदम टाकले जातात. घाई झाली की चाल सोडून द्यायची. शेपटी एका बाजूला आखडून चिखलावर मारायची की मासा उडून दीड-दोन वीत पलीकडे. माणसाची सावली पडली की सगळा चिखल एकदम तडतडल्यासारखा हलतो आणि बिळं भरून जातात.

या शेपटीचा अर्थ आणखी मागे नेणारा एक प्रयोग झाला. २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी निवटीच्या चालीवर बेतलेलं एक छोटं यंत्र वाळूवर चालवून पाहिलं. सपाट वाळूवर नुसत्या परांनी काम भागलं. वाळूला उतार दिला की यंत्र घसरायला लागलं, आणि तेव्हा परांसोबत शेपटी योग्य वेळी दाबली तरच ते वर चढलं. खरी निवटीही उतारावर शेपटी जास्त वापरते. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी माशांसारखे जीव पाण्यातून किनाऱ्यावर यायला लागले तेव्हा किनारा काही सिमेंटचा नव्हता, चिखल आणि वाळूच होती. त्यांच्या पायांविषयी पुस्तकं भरून लिहिलं गेलं. शेपटीचा विचार फारसा कोणी केला नव्हता. कोलशेतच्या चिखलात गुडघाभर उभं राहून निवट्या पकडणाऱ्या माणसाला विचारलं असतं तर त्याने एवढं तरी सांगितलं असतं की मासा धरायचा तर शेपटीच्या बाजूनं धरू नये, निसटतो.

बिबट्याचं प्रकरण लिहायला मी नाखूष होतो. बिबट्या म्हटलं की ठाण्यात दोनच सूर लागतात, भीतीचा आणि कौतुकाचा, आणि दोन्हींत बिबट्या कसा चालतो हे हरवतं. राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर. २०१८ च्या कॅमेरा मोजणीत तिथे ४७ बिबटे निघाले. एवढ्या गर्दीच्या शेजारी एवढे मोठे मांसाहारी प्राणी राहतात आणि क्वचितच दिसतात, याचं श्रेय त्यांच्या चालण्याला आहे. मागचा पाय पुढच्याच्या ठशावर किंवा अगदी जवळ पडतो, नखं आत, तळव्याची गादी मऊ. पालापाचोळ्यात एकदा पाहून ठेवलेल्या जागीच दुसरं पाऊल पडतं. शेपटी खाली लोंबती, टोकाला वर वळलेली. झेप घेताना आणि पळता पळता वळताना ती कामाला येते. मांजरकुळातला प्राणी पडताना सुलटा होतो तो मात्र शेपटीमुळे नव्हे. फ्रान्सच्या मारे यांनी १८९४ साली पडत्या मांजराच्या छायाचित्रांची मालिका काढली, त्यात धडाला दोन भागांत पीळ देण्याची युक्ती दिसली. शेपटी नसलेली मांजरंही ती करतात. शेपटीच्या पुस्तकात हे सांगणं भाग आहे, नाहीतर प्रत्येक करामतीचं श्रेय शेपटीला देऊन मोकळं व्हायची सवय लागते.

चालण्याचं सामर्थ्य बघायचं तर 'आजोबा'. २००९ साली अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला हा वयस्क नर. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि वन विभागाने त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला माळशेजच्या जंगलात सोडलं. तो महिनाभराच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आला. वाटेत महामार्ग, रेल्वेचे रूळ, वस्त्या. बहुतेक प्रवास रात्रीचा, आणि वाटेत कुणाला इजा नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईजवळ रस्ता ओलांडताना वाहनाच्या धडकेनं तो मेला. २० फेब्रुवारी २०१९ ला ठाण्यातल्या एका मॉलच्या कॅमेऱ्यांत बिबट्या दिसला आणि काही तासांनी जवळच्या हॉटेलच्या तळघरात त्याला बेशुद्ध करून पकडलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला चिंचपाड्यात एका इमारतीत बिबट्या शिरला आणि काही जण जखमी झाले. बातम्यांत या गोष्टी 'बिबट्याचा धुमाकूळ' म्हणून छापून आल्या. भिंतीमागे भिंत लागत गेल्यावर चालणाऱ्या प्राण्याचं काय होतं, हे त्यांत कुठे नव्हतं.

शेवटचं प्रकरण शेपटी नसलेल्या प्राण्याचं, म्हणजे आपलं. गर्भात काही आठवडे आपल्याला शेपटी असते, मग ती जिरते आणि उरतं ते माकडहाड. २०२४ च्या फेब्रुवारीत छापून आलेल्या एका संशोधनानुसार माकडांच्या वंशातून माणूस आणि एप यांच्या पूर्वजांकडे येताना, सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी, एका जनुकात परका तुकडा घुसला आणि शेपटी गेली. उंदरांत तसाच बदल करून पाहिला तेव्हा आखूड शेपटीची आणि बिनशेपटीची पिल्लं झाली. शेपटीचं काम मग कोण करतं? हात, कंबर, आणि कुल्ल्यांचे ते जाडजूड स्नायू. कळव्याच्या वळणावर लोकलच्या दारात उभ्या असलेल्या प्रवाशाचे गुडघे आणि कंबर पाहा, उत्तर मिळेल. आणि मल्लखांब आहेच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर निजामाच्या पहिलवानांना तोंड देण्यासाठी वणीच्या सप्तशृंगीला गेले आणि तिथे मारुतीने त्यांना खांबावरची विद्या दिली, अशी आख्यायिका आहे. इतिहास म्हणून ती कोणी पारखावी, मला त्यात रस वेगळ्या कारणाने वाटतो. शेपटी असलेल्याने शेपटी नसलेल्याला तोल शिकवला, असं त्या गोष्टीचं कथानक आहे. मल्लखांबाच्या पोराने खांब मांड्यांत धरून हात सोडले की शेपटीशिवाय काय काय करावं लागतं ते पोटाच्या प्रत्येक स्नायूवर दिसतं.

पुस्तकात छायाचित्रं थोडी आणि रेषाचित्रं जास्त आहेत, याबद्दल काही वाचक नाराज होतील. कारण साधं आहे. मोबाइल आल्यापासून आपण प्राणी बघत नाही, टिपतो. टिपला की नाव शोधतो, नाव मिळालं की विषय संपतो. नाव कळायला हरकत नाही, पण येऊरच्या वाटेवर ज्या आदिवासी पोरांना शास्त्रीय नावं ठाऊक नसतात, ती फांदीच्या नुसत्या हलण्यावरून वानर की खार ते सांगतात. पुस्तकातली रेषाचित्रं एकाच प्राण्याची लागोपाठची आहेत, डावीकडून उजवीकडे वाचावीत. त्यांत शेपटी गडद काढली आहे, बाकी अंग फिकं. प्राण्यांच्या अंगाचे हिशेब जिथे दिले आहेत ते मोजलेल्या अभ्यासांवरून दिले आहेत. जिथे फक्त पाहिलेलं आहे तिथे तसं म्हटलं आहे.

वाचकांना दोन विनंत्या. वानरांना खायला घालू नका, बिस्किटं तर नाहीच. चाऱ्यासाठी उड्या मारणारी टोळी एकदा पाकिटाची सवय लागली की कुंपणावर बसून राहते, आणि मग बघण्यासारखं काही उरत नाही, भांडणं तेवढी उरतात. दुसरी, आपल्या नोंदी कळवा. वानराची शेपटी पुढे वळलेली की मागे, एवढी एक ओळ, जागा आणि तारखेसह, पुरेशी आहे. ठाण्याच्या मानपाड्यापासून शहापूर, मुरबाड, जव्हारपर्यंतच्या अशा नोंदी जमल्या तर दुसऱ्या आवृत्तीत त्यांचा नकाशा घालायचा आहे. प्रकाशकांचा पत्ता मलपृष्ठावर दिला आहे.